गौरीपुढें मुलांचें ताट



चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यांत बसते, आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, महिनाभर ती आपल्या घरीं माहेरवाशीण म्हणून राहते. या महिन्यांत सोयीचा मंगळवार किंवा शुक्रवार पाहून हळदीकुंकूं करावें, आलेल्या बायकांना कैरीची डाळ व पन्हें द्यावें, भिजविलेल्या हरभऱ्यांनीं त्यांच्या ओट्या भराव्या, हें तुम्हांला मीं सांगावयास नको. गौरीपुढच्या आराशीविषयींहि तेंच. कलिंगडाच्या कातरलेल्या पाकळ्या, खरबुजाच्या परड्या, काकडीचीं फुलें, द्राक्षांचे घोंस, मधून मधून लांकडी हत्ती-घोडे, असा तो थाट असतो. आणि एका घरीं तीन पायऱ्या मांडल्या कीं शेजारच्या घरीं पांच मांडल्या जातात, हेंहि आपण सर्वजणी जाणतों.

आजचें माझें बोलणें या आराशीसंबंधींच आहे. मात्र ज्या गृहिणी ती मांडतात त्यांची बाजू मी आज घेणार नाहीं. ज्यांना त्या दिवशीं सकाळपासून "तिकडे जाऊं नको, त्याला हात लावूं नको" असें निदान वीस वेळां बजावलें जातें, त्या घरांतल्या मुलांची बाजू मी मांडणार आहें.

त्या दिवसाचा हिशेब पाहा. इतक्या जातींचीं फळें एके वेळीं घरांत वर्षांतून फार थोड्या वेळां येतात. मुलें तीं पाहतात, त्यांचा वास घेतात, आणि दूर उभीं राहतात. दुपारीं दोनला कोरलेलें कलिंगड रात्रीं नवापर्यंत उकाड्यांत उभें असतें. शेवटची सवाष्ण घरीं परतली म्हणजे त्याच्या पाकळ्या लोंबूं लागलेल्या असतात, ताटांत पाणी सुटलेलें असतें, आणि तें कोणी खावें अशा स्थितींत उरलेलें नसतें. फळें आलीं, दिसलीं आणि गेलीं. आणि हींच मुलें दुसऱ्या दिवशीं पपईची फोड पुढें केली कीं तोंड फिरवितात, याचें आपल्याला नवल वाटतें!

माझी सूचना अगदीं लहान आहे. आराशीची सर्वांत खालची पायरी, किंवा पायऱ्या नसतील तर एक पाट, मुलांच्या स्वाधीन करावा. त्यावर त्यांनीं स्वतःच्या हातानें फळांचे प्राणी करून मांडावे, गौरीला नैवेद्य दाखवावा, आणि तासाभराच्या आंत तें सर्व सवंगड्यांसह खाऊन टाकावें. वरच्या पायऱ्या पाहण्यासाठीं आहेत, त्या तशाच राहूं द्या. खालची तेवढी खाण्यासाठीं असूं द्या.

प्राणीच कां, असें कोणी विचारील. सणाच्या खाद्याला प्राण्याचा आकार देण्याची हौस कांहीं नवी नाहीं, आणि ती एकट्या आपलीहि नाहीं. कर्नाटकांत संक्रांतीला साखरेचा पाक लांकडी सांच्यांत ओतून पक्षी व प्राणी करतात; उत्तर हिंदुस्थानांत दिवाळीच्या बाजारांत साखरेचे हत्ती-घोडे विकावयास येतात. युरोपांत वसंतांतला मोठा सण ईस्टर. त्या वेळीं जर्मनींत व अल्सास प्रांतांत मेंढराच्या आकाराच्या सांच्यांत केक भाजतात, आणि तिकडच्या मुलांना रंगीत अंडीं आणून देणारा ससा तर प्रसिद्धच आहे. परंतु ही सारी साखरेची आणि पिठाची कला झाली. साखर सांच्यांत ओतली कीं सांचा देईल तो आकार घेते. तेथें मुलाला करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. फळ असें निमूटपणें ऐकत नाहीं. त्याला स्वतःचा आकार असतो, आणि त्या आकारांत कोणता प्राणी दडून बसला आहे तें शोधावें लागतें. या उद्योगाची सारी गोडी, आणि माझ्या मतें सारा उपयोगहि, या शोधण्यांत आहे.

नमुन्यासाठीं दूर जावयास नको. चैत्र लागला कीं अंगणांत किंवा उंबऱ्याशीं जें चैत्रांगण काढतात, तें एकदां मुलांना बरोबर घेऊन नीट पाहा. पाळण्यांतली गौर, सूर्य, चंद्र, शंख, तुळशीवृंदावन आणि गोपद्में यांच्या शेजारीं तेथें कासव असतें, नाग असतो, हत्ती असतो. पुष्कळ घरीं मोरहि असतो. रांगोळी काढणारी बाई चार रेघांत हत्ती उभा करते. तिनें हत्तीचें सर्व कांहीं काढलेलें नसतें. हत्ती म्हणून ओळखूं येण्यास जेवढें लागतें तेवढेंच काढलेलें असतें. फळांच्या कामांतहि एवढाच विवेक पाहिजे. मुलाला "आज काय करूं या?" असें मोकळें विचारलें तर तें गोंधळतें, "अंगणांतल्या कोणाला ताटांत आणूं या?" असें विचारलें कीं तें धांवत जाऊन पाहून येतें.

रेडिओवरून मला चित्र दाखवतां येत नाहीं. तेव्हां तुम्हीं मनांतल्या मनांत एक खरबूज हातांत घ्या. मध्यम आकाराचें, सालीवर जाळी उमटलेलें. त्याचे आडवे दोन भाग केले आणि त्यांतला एक पालथा घातला कीं कासवाची पाठ आयतीच तयार झाली. खवले कोरावयास नकोत. ते खरबुजानें आपल्या सालीवर आधींच काढून ठेवलेले आहेत. बिया काढून टाकून आंतला गर चमच्यानें कोरून घ्यावा. हें काम पांच वर्षांच्या मुलालाहि साधतें, आणि गर कोरतांना निम्मा पोटांत गेला तरी आपण तिकडे पाहूं नये. कोरलेले तुकडे ताटलींत ढीग करून ठेवावे, त्यांत केळ्याच्या चकत्या व संत्र्याच्या फोडी मिसळाव्या, आणि वर ती पाठ झांकण म्हणून घालावी. काकडीचे चार जाड तुकडे चार बाजूंना ठेवले कीं पाय झाले. काकडीचेंच सोललेलें गोल टोंक पुढें डोकावलें कीं डोकें झालें. सालीची एक टोंकदार पट्टी मागें सरकवली कीं शेंपूट झालें. डोक्यावर दोन काळे तीळ चिकटवले म्हणजे कासव आपल्याकडे पाहूं लागतें. खाणाऱ्यानें पाठ उचलावी आणि आंत खजिना सांपडावा, ही यांतली खरी मौज. मूल थोडें मोठें असेल तर त्याला विचारा, कीं खऱ्या कासवाच्या पाठीवर मोठे खवले किती असतात? बहुतेक जातींत ते तेरा असतात. मधल्या ओळींत पांच आणि दोहों बाजूंना चार-चार. एवढें एकदां मोजलेलें मूल पुढें कासवाच्या पाठीवर वाटेल तशा रेघा मारीत नाहीं.

तीळ चिकटवावयाचे कशानें, हा प्रश्न तुमच्या मनांत आला असेल. त्याला उत्तर चक्का. पाडव्याच्या श्रीखंडासाठीं दही टांगण्याची आपल्या घरांत संवय आहेच. हळदीकुंकवाच्या आदल्या रात्रीं पुन्हां वाटीभर दही टांगावें आणि साखर न घालतां तो चक्का मुलांच्या हाताशीं ठेवावा. दोन फोडी जोडावयाच्या असोत, डोळा बसवावयाचा असो, चक्क्यासारखा डिंक नाहीं. तो फळांशीं चवीनें जुळतो आणि हाताला लागला तर चाटूनच स्वच्छ होतो. मध वापरण्याचा मोह कोणाला होईल. पण घरांत वर्षाच्या आंतलें मूल असेल तर मध टाळावा, कारण इतक्या लहान मुलाला तो मुळींच देऊं नये असें वैद्यकशास्त्र सांगतें. आणि टोंकदार काड्या वापरूंच नयेत. फळांच्या शोभिवंत चित्रांत प्रत्येक फोड काडीनें टोंचलेली दिसते. मोठ्यांच्या मेजवानींत तें ठीक आहे, घाईनें तोंडांत घालणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्या ताटांत तें ठीक नाहीं. काडीवांचून जो प्राणी उभा राहत नाहीं, तो बसलेला करावा.

आतां कैरी घ्या. तिला कांहींच करावें लागत नाहीं. टोंकाकडे वांकलेली कैरी उभी धरली कीं चोंच दिसतेच. 'तोतापुरी' हें आंब्याच्या एका जातीचें नांवच पोपटाच्या चोंचीवरून पडलें आहे. ज्या कुयरींत बोट बुडवून आपण हळदीकुंकूं लावतों तिचा घाट कैरीचाच, आणि कांहीं जुन्या कुयऱ्यांना मोराची मान काढलेली असते. म्हणजे कैरींतला पक्षी आपल्या कारागिरांच्या नजरेंतून सुटलेला नव्हता. कैरीचा पोपट दोन तीळ लावून पाटावर बसवावा, आणि खाण्याच्या वेळीं तिखट-मीठ लावून त्याच्या फोडी कराव्या. चैत्रांत पुरंदरकडचें अंजीर बाजारांत मिळालें तर तें आडवें ठेवून पाहा. देंठाकडची बाजू निमुळती, मागची बाजू फुगीर, रंग जांभळट करडा. हा उंदीर नव्हे असें कोण म्हणेल? काकडीच्या सालीचें लांब शेंपूट आणि द्राक्षाच्या दोन पातळ चकत्यांचे कान एवढेंच त्याला हवें असतें. गौरीच्या लेकाचें वाहन म्हणून त्याला जरा मानाची जागा द्यावी.

नाग सर्वांत सोपा. केळ्याच्या तिरप्या चकत्या एकीवर एक किंचित् चढवून ताटांत नागमोडी लावीत जावें आणि पुढें पपईची एक रुंद फोड फणा म्हणून ठेवावी. तीन वर्षांचें मूलहि नाग करूं शकतें, आणि तो कितीहि लांब करतां येतो, ही त्याला विशेष आवडणारी गोष्ट. मोराला द्राक्षें पाहिजेत. उभ्या चिरलेल्या द्राक्षांच्या फोडी पंख्यासारख्या तीन ओळींत मांडून प्रत्येकीवर चक्क्याचा ठिपका आणि त्यावर एक तीळ. ठिपके देण्याचें काम चिकाटीचें आहे. तें आठ-नऊ वर्षांच्या मुलीकडे सोपवावें. ससा हवा असेल तर सोललेल्या केळ्याचा तुकडा ओल्या खोबऱ्याच्या किसांत घोळवावा आणि खोबऱ्याच्याच दोन लांबट कापांचे कान लावावे. वसईकडच्या ज्या भगिनी ईस्टर पाळतात त्यांच्या मुलांना हा ससा अधिक ओळखीचा वाटेल. ईस्टरहि बहुधा याच सुमारास येतो.

मुंगीकडे मात्र मी तुमचें विशेष लक्ष वेधतें. द्राक्षाच्या तीन फोडी एका ओळींत ठेवल्या कीं मुंगीचें अंग झालें. आतां कैरीच्या सालीचे सहा बारीक तंतू पाय म्हणून लावावयाचे. ते कोठें लावाल? बहुतेक मुलें, आणि मोठीं माणसेंहि, तीन भागांना दोन-दोन असे न्यायानें वांटून देतात. खऱ्या मुंगीचे सहाहि पाय मधल्या भागालाच असतात. मुलांना हें सांगूं नये. त्यांना भिंतीजवळ नेऊन मुंगी दाखवावी आणि तुम्हीं गप्प राहावें.

येथें गप्प राहण्याविषयीं थोडें बोललें पाहिजे, कारण या कामांत तीच गोष्ट आपल्याला सर्वांत कठीण जाते. हत्तीचें उदाहरण सांगतें. अर्धा चिकू पालथा घालावा, तें डोकें. कलिंगडाच्या दोन पातळ फोडी बाजूंना, ते कान. संत्र्याची एक फोड वांकडी करून मधोमध, ती सोंड. खोबऱ्याचे दोन काप, ते सुळे. माझ्या माहितीच्या एका घरीं सहा वर्षांच्या मुलीनें असा हत्ती केला, पण सोंड लावली नाहीं. आईनें संत्र्याची फोड उचलली आणि ती लावूं लागली. मुलीनें तिचा हात धरला व म्हणाली, "अगं, तो पाठमोरा आहे." कान होते, डोकें होतें, आणि मधोमध खोबऱ्याच्या कापाऐवजीं देंठाचा एक बारीक तुकडा होता, तें शेंपूट! आईनें फोड परत ठेवली. सगळ्याच आया ठेवतीलच असें नाहीं. हळदीकुंकवाला बायका येणार, त्या पाहणार, काय म्हणतील, या धास्तीनें मुलाच्या हातची वस्तु आपण इतकी नीटनेटकी करतों कीं ती त्याची राहतच नाहीं. आणि जी वस्तु आपली राहिली नाहीं ती खाण्याचा उत्साहहि मुलाला राहत नाहीं.

खाण्याचा आणि करण्याचा हा संबंध मीं उगीच जोडलेला नाहीं. दोन ते सहा वर्षांच्या वयांत मुलें अनोळखी पदार्थाला बिचकतात, हें आतां बालसंगोपनाच्या अभ्यासकांना चांगलें ठाऊक झालें आहे. तो हट्ट नसतो; नवें दिसलें कीं जपून राहावें, अशी ती एक नैसर्गिक वृत्ति असते. तोच पदार्थ आठ-दहा वेळां, कधीं कधीं त्याहूनहि अधिक वेळां, डोळ्यांसमोर आला, हाताळला गेला, त्याची थोडी चव घेतली गेली, म्हणजे भीड मोडते. दटावून चारल्यानें ती मोडत नाहीं, उलट वाढते. ज्या मुलानें पपईचा फणा केला, त्यानें पपई सोललेली पाहिली, हातांत धरली, तिचा वास घेतला, बोट चाटलें. चार भेटी एका दुपारींत झाल्या. त्या दिवशीं त्यानें पपई खाल्ली नाहीं तरी आग्रह करूं नका.

आतां जरा गंभीर गोष्ट, आणि ती नीट ऐका. पांच वर्षांखालील मुलाला अखंड द्राक्ष कधींहि देऊं नये. द्राक्ष गुळगुळीत असतें, दाबलें जातें, आणि लहान मुलाच्या श्वासमार्गांत बाटलीला बूच बसावें तसें घट्ट बसतें. तें उभें चिरून त्याचे चार भाग करावे; आडवे दोन केले तर गोल तुकडा गोलच राहतो आणि धोका टळत नाहीं. म्हणून वर मीं मोरासाठीं व मुंगीसाठीं उभ्या फोडीच सांगितल्या. अगदीं लहान मुलांच्या ताटांत त्यांचेहि पुन्हां उभे दोन भाग करावे. हळदीकुंकवाच्या घरांत दुसराहि एक धोका सगळीकडे सांडलेला असतो, आणि तो म्हणजे ओटीचे हरभरे. पुढच्या दाढा न आलेल्या मुलाला हरभरा किंवा शेंगदाणा चावतां येत नाहीं. आपल्या देशांत लहान मुलांच्या श्वासनलिकेंतून डॉक्टरांना ज्या वस्तु काढाव्या लागतात, त्यांत शेंगदाणा फार वरच्या क्रमांकावर आहे. बदाम-काजूंचे डोळेहि त्यासाठींच नकोत. मुलांनीं खावें तें बसून खावें; तोंडांत घांस असतांना धांवणें, हंसविणें, वर उडवून झेलणें, हें सर्व बंद.

इतकें करूनहि मुलाच्या घशांत कांहीं अडकलें, तर काय? तें जोरानें खोकत असेल तर खोकूं द्यावें. खोकला थांबला, आवाज निघेना, तोंड काळें-निळें पडूं लागलें, तर त्याला पुढें वांकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टांचेनें पांच जोरकस थापा माराव्या. निघालें नाहीं, आणि मूल वर्षाच्या वरचें असेल, तर पाठीमागून मिठी मारून बेंबीच्या किंचित् वर मुठीनें आंत व वरच्या दिशेला पांच वेळां दाबावें, आणि हा क्रम चालूं ठेवावा. दुसऱ्या कोणीं तरी तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दिसत नसलेल्या वस्तूसाठीं घशांत बोट घालूं नये. ती आणखी खोल जाते.

कामाची वांटणी वयाप्रमाणें सहज होते. तीन-चार वर्षांचीं मुलें फळें धुतात, द्राक्षें देंठापासून सोडवितात, केळें व संत्रें सोलतात. चार-पांच वर्षांच्या मुलाला लोणी लावावयाची बोथट सुरी दिली तर तें केळ्याच्या चकत्या करतें. काकडी कापणें सात-आठ वर्षांच्या पुढें, आणि तेंहि डाव्या हाताचीं बोटें आंत मुडपून धरावयास शिकविल्यावर. विळी, किसणी, आणि कलिंगडावर चालवावयाचा मोठा सुरा हीं मोठ्यांच्याच हातीं. कलिंगड व खरबूज कापण्यापूर्वीं वाहत्या पाण्याखालीं घांसून धुवावें. साल कोठें खावयाची आहे, असें म्हणून आपण तें तसेंच कापतों, आणि सुरी सालीवरची माती गरांत नेऊन सोडते.

केळें व चिकू कापल्यावर काळपट होतात, ही तक्रार प्रत्येकीची. फळ चिरलें कीं त्याच्या पेशी फुटतात आणि त्यांतलें एक द्रव्य, हवेंतला प्राणवायु आणि फळांतलाच एक पाचक रस यांची गांठ पडते. त्या संयोगांतून हा तपकिरी रंग निघतो. लिंबाच्या आंबटपणानें त्या रसाचें काम मंदावतें आणि लिंबांतलें क जीवनसत्त्व उमटलेला रंगहि मागें फिरवितें. म्हणून वाटीभर पाण्यांत अर्धें लिंबूं पिळून चकत्या त्यांत बुडवून काढाव्या. मुलांपुढें एक चकती कोरडी आणि एक लिंबांत बुडविलेली अशा शेजारीं-शेजारीं ठेवाव्या आणि अर्ध्या तासानें पाहावयास सांगावें. काळी पडलेली चकती मात्र वाईट झालेली नसते. वाईट होतें तें उष्म्यानें. कापलेलें फळ दोन तासांहून अधिक बाहेर राहूं नये, आणि चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हाळ्यांत तर एकाच तासाचा हिशेब धरावा. खालच्या पायरीचा नैवेद्य तासाभरांत संपवावयाचा असें मीं आरंभीं म्हटलें तें याचसाठीं. मोबाईलवर चित्रें काढावयाचीं असतील तर तीं भरभर काढावीं. चित्राच्या हौसेंत अर्धा तास गेला तर मुलें तेवढा वेळ ताटाभोंवतीं ताटकळत राहतात.

एक अडचण शेवटीं सांगावयाची ठेवली आहे. आपण केलेला प्राणी कापावयाचा म्हटलें कीं कांहीं मुलें रडूं लागतात. कांहीं घरांतल्या आजीबाईंनाहि प्राण्याचा आकार करून तो चिरणें पटत नाहीं. त्यांना हंसूं नये. सोमदेवसूरींनीं इ. स. ९५९ मध्यें पूर्ण केलेल्या 'यशस्तिलक' ग्रंथांत यशोधर राजाची कथा आहे. आईच्या आग्रहास्तव त्यानें देवीपुढें खऱ्या कोंबड्याऐवजीं पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला, आणि तेवढ्या संकल्पामुळें दोघांना कित्येक पशुजन्म घ्यावे लागले. आपल्या दक्षिण महाराष्ट्रांत जैन बांधवांची वस्ती मोठी आहे, आणि ही कथा जैन परंपरेंत पुन्हां पुन्हां लिहिली गेली आहे. शंका जुनी आहे आणि तिच्यामागें दयाच आहे.

तिच्यावर मार्ग सोपा आहे. प्राणी कापावयाचा नाहीं, तो उलगडावयाचा. जे तुकडे जोडून तो झाला, तेच तुकडे उलट्या क्रमानें सुटे करावयाचे. आधीं तीळ, मग कान, मग सोंड. राहिला तो चिकू. कासवाची पाठ उचलली कीं खालीं नुसतीं फळें आहेत. म्हणून प्रत्येक फोड आधींच तोंडांत मावेल एवढी कापून घ्यावी आणि सुरी मुलें जमण्यापूर्वींच उचलून ठेवावी. उलगडण्याचा मान ज्यानें प्राणी केला त्याचा. पहिली फोड कोणाला द्यावयाची हेंहि त्यानेंच ठरवावें. रडणारें मूल या मानापुढें बहुधा डोळे पुसतें. अंजिराचा उंदीर आणि कैरीचा पोपट यांना मात्र ही युक्ति लागू पडत नाहीं, कारण ते एका फळाचेच आहेत. ते गौरीजवळ राहूं द्यावे; अखंड फळाला कापलेल्या फळाइतकी उकाड्याची भीति नसते, आणि दुसऱ्या दिवशीं मुलांना तीं पुन्हां नुसतीं फळें दिसूं लागतात.

खर्चाविषयीं कोणी विचारील, तर दोन केळीं, एक काकडी आणि मूठभर द्राक्षें यांवर चार मुलें तासभर रमतात. खरबूज आणलें तर त्याच्या बिया फेकूं नयेत. धुऊन वाळवून सोलल्या कीं त्याच थंडाईंतल्या मगज. कलिंगडाच्या सालीचा आंतला पांढरा भाग किसून थालीपिठाच्या पिठांत घालावा, त्यानें थालीपीठ मऊ होतें. काकडीचे उरलेले पाय संध्याकाळच्या कोशिंबिरींत जातात. केळ्यांच्या सालींसाठीं दारावर गाय येत असेल तर त्या नेऊन देण्याचें काम धाकट्याला सांगावें.